भय, लाज, किळस, संताप : शरीर, मन आणि जात

१

भावनांविषयी बोलताना आपली बोलीभाषा मनाचे नाव फारसे घेत नाही. ती शरीराचे नाव घेते. छातीत धस्स झाले, पोटात गोळा आला, घशाला कोरड पडली, हातपाय गळाले, अंगावर काटा आला, तळपायाची आग मस्तकाला गेली. भीती, चिंता, शरम, संताप ह्या साऱ्यांचा पत्ता आपल्या आयाबायांनी शरीरात शोधला आहे. ह्याच मालिकेतला एक शब्दप्रयोग आपल्या विशेष परिचयाचा आहे : अंग चोरणे. अंग चोरणारा माणूस खांदे आत ओढतो, मान खाली घालतो, आवाज लहान करतो, आणि आपल्या वाट्याची जागासुद्धा पुरती व्यापत नाही. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्या समाजाच्या दृष्टीने हा केवळ वाक्प्रचार नव्हता. तो जगण्याचा नियम होता, आणि नियम मोडला तर काठी ठरलेली होती.

तरीही आपल्या सभा-संमेलनांतून आणि वर्गांतूनही भावनेविषयी दोन सोपी मते ऐकू येतात. एक मत असे की, भीती वा न्यूनगंड ही मनाची दुर्बलता आहे. मन घट्ट केले, चार पुस्तके वाचली की ती जाते. दुसरे मत असे की, भावना म्हणजे मेंदूतील रसायनांचा खेळ. तिथे समाजाचा संबंध काय? पहिले मत शरीराला विसरते, दुसरे मत समाजाला. पहिल्या मताने घाबरणाऱ्याला भित्रा ठरवले जाते, दुसऱ्या मताने त्याला रोगी ठरवले जाते. दोन्ही ठिकाणी भीती घालणारा मात्र नामानिराळा राहतो.

दलित साहित्याच्या चर्चेत वेदना, नकार आणि विद्रोह हे तीन शब्द आपण नेहमी वापरतो. हे तिन्ही शब्द भावनेशी निगडित आहेत. म्हणून भावना म्हणजे काय, ती शरीरात कशी उभी राहते आणि मनात तिला अर्थ कसा प्राप्त होतो, हे शास्त्राच्या आधारे समजून घेणे हे आपलेच काम आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न केला आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : भावनेत शरीर असते, परंतु शरीराला काय जाणवावे हे शिकवणारा समाज असतो, आणि जे शिकवले गेले आहे त्यावर मात करणारे दुसरे काही शिकता येते. मात्र ते एकट्याने व नुसत्या विचाराने होत नाही.

२

आधुनिक मानसशास्त्रात ह्या प्रश्नाची सुरुवात विल्यम जेम्स ह्या अमेरिकन विचारवंताने केली. १८८४ साली त्याने 'भावना म्हणजे काय?' असा सरळ प्रश्न विचारणारा निबंध लिहिला. आपण समजतो की अस्वल दिसले, भीती वाटली, म्हणून पळालो. जेम्सने हा क्रम उलटा केला. अस्वल दिसताच शरीर हालते, काळीज धडधडते, पाय पळू लागतात. शरीरातील ह्या बदलांची जी जाणीव होते तिलाच आपण भीती म्हणतो. भीतीतून धडधड, थरथर, घाम हे सारे वजा केले तर उरते काय? एक कोरडा विचार, भीती नव्हे. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, कार्ल लांगे ह्या डॅनिश वैद्याने स्वतंत्रपणे असेच मत मांडले. म्हणून ह्याला जेम्स-लांगे उपपत्ती म्हणतात.

आपल्याकडे भावनेच्या शारीरिक खुणांची नोंद फार पूर्वी झाली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय असे आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. गोठून जाणे, घाम फुटणे, काटा येणे, आवाज फुटणे, थरथरणे, रंग उतरणे, डोळ्यांना पाणी येणे, शुद्ध हरपणे अशी ही यादी शरीराचीच आहे. परंतु ही मांडणी नाटक पाहणाऱ्या रसिकाच्या आस्वादाशी जोडलेली आहे. ज्याच्या अंगावर काठी पडते त्याच्या थरथरण्याचे त्याला पुढे काय करायचे, हा त्या शास्त्राचा प्रश्न नव्हता.

जेम्सच्या मतावर मोठा आक्षेप घेतला तो हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन ह्या शरीरशास्त्रज्ञाने, १९२७ साली. कॅननने १९१५ च्या आपल्या ग्रंथात दाखवले होते की, संकट समोर येताच ॲड्रेनल ग्रंथीतून स्राव सुटतो, काळजाचे ठोके वाढतात, यकृतातील साखर रक्तात येते, पोटाचे काम थांबते आणि रक्त हातापायांच्या स्नायूंकडे धावते. लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी शरीर असे सज्ज होते. घशाला कोरड का पडते आणि पोटात गोळा का येतो, ह्याचे उत्तर येथे मिळते. परंतु कॅननचा मुद्दा पुढचा आहे. भीती असो की संताप, आतड्याकाळजातील हे बदल बव्हंशी सारखेच असतात. मग केवळ त्या बदलांवरून माणसाला कसे कळते की आपण भ्यालो आहोत की चिडलो आहोत? शिवाय, ॲड्रेनलचा स्राव नुसता टोचला तर माणसाला धडधड जाणवते, पण बहुतेकांना खरी भीती वाटत नाही.

कॅननच्या ह्या आक्षेपात आपल्यासाठी एक महत्त्वाचा धागा दडलेला आहे. धडधडणारी छाती भ्यालेल्याचीही असू शकते आणि चिडलेल्याचीही. तर मग तिला नाव देते कोण?

३

ह्या प्रश्नाचा माग काढण्यासाठी स्टॅन्ली शाक्टर आणि जेरोम सिंगर ह्यांनी १९६२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना जीवनसत्त्वाचे इंजेक्शन म्हणून ॲड्रेनलिन टोचले. काहींना त्याचे खरे परिणाम सांगितले, काहींना सांगितले नाहीत. नंतर त्यांच्याजवळ एक माणूस बसवला. तो कधी बागडत असे, कधी चिडचिड करीत असे. ज्यांना आपल्या धडधडीचे कारण ठाऊक नव्हते, ते शेजारच्याच्या वागण्यावरून तिला आनंदाचे वा रागाचे रूप देण्याकडे झुकले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा फळ इतके स्वच्छ आले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्यामुळे धडधडीला वाटेल ते नाव चिकटवता येते असे कोणी समजू नये.

अधिक भक्कम आधार मिळतो तो रिचर्ड लाझरस आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामातून. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अंगावर शहारे आणणारी एक फिल्म दाखवली गेली. तीत ऑस्ट्रेलियातील आदिवासी मुलांच्या अंगावर शस्त्र चालवण्याचा दीक्षाविधी होता. चित्रे तीच ठेवली. निवेदन तेवढे बदलले. एका निवेदनात वेदनेवर भर होता, दुसऱ्यात हे काही फार त्रासाचे नाही असे सांगितले होते, तिसऱ्यात निरीक्षकाचा कोरडा सूर होता. प्रेक्षकांचे काळजाचे ठोके आणि त्वचेवरील घाम मोजला तेव्हा असे दिसले की, वेदनेवर भर देणाऱ्या निवेदनाने शरीराचा क्षोभ वाढतो, उरलेल्या दोहोंनी तो कमी होतो. म्हणजे निवेदन कानांवाटे मनात गेले आणि घाम होऊन त्वचेवर आले. लाझरसने ह्यावरून असे मांडले की, प्रसंगाचा आपल्या दृष्टीने अर्थ काय, ह्याविषयी मन जो निवाडा देते तो भावनेचा गाभा असतो. हा निवाडा क्षणार्धात होतो. बहुधा आपल्या नकळत होतो.

बौद्ध विचारपरंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे प्रतीत्यसमुत्पादाची साखळी आठवेल. फस्सातून वेदना, वेदनेतून तण्हा. इंद्रियाचा विषयाशी स्पर्श होतो, त्यातून सुखद, दुःखद वा दोन्ही नसलेली जाणीव उपजते, आणि त्यातून आसक्ती जन्मते. त्या चिंतनाने काया, वेदना आणि चित्त ही निरीक्षणाची स्थाने वेगवेगळी सांगितली, आणि तरीही त्यांना एकमेकांपासून तोडले नाही. आधुनिक प्रयोगशाळा आणि ते चिंतन एकच आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु स्पर्श आणि प्रतिक्रिया ह्यांच्यामध्ये थांबायला जागा आहे, आणि त्या जागी माणसाला काही करता येते, ही सूचना दोन्हीकडे आहे.

आता प्रश्न असा की, मनाचा हा निवाडा येतो कोठून? लाझरसच्या प्रयोगातील निवेदक काही मिनिटे बोलला. आपल्या समाजात हा निवेदक हजारो वर्षे बोलतो आहे. कथा-कीर्तनांतून, म्हणींतून, वाड्यातील हाकेतून, शाळेत बसायच्या जागेवरून तो प्रत्येक मुलाला सांगत आला आहे की अमक्यासमोर उभे राहिलास तर तुला काय वाटले पाहिजे. एकाला दरारा वाटला पाहिजे, दुसऱ्याला किळस.

४

किळस ह्या भावनेविषयी आपण कमी बोलतो, कारण ती आपली नव्हे, समोरच्याची भावना आहे. परंतु अस्पृश्यतेचे यंत्र ह्याच इंधनावर चालत आले. नाट्यशास्त्रातही जुगुप्सा हा स्थायिभाव मानलेला आहे. पॉल रोझिन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ह्या भावनेचा अनेक वर्षे अभ्यास केला. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या व सहकाऱ्यांच्या एका प्रयोगात फळांच्या रसात मेलेले झुरळ बुडवून काढले. झुरळ निर्जंतुक केलेले होते, म्हणजे रोगाचे भय उरले नव्हते. तरीही लोकांना तो रस नकोसा झाला. हानी नाही हे बुद्धीला पटले, पण शरीर मागे सरले. एकदा स्पर्श झाला की दोष कायम चिकटतो, अशी ही भावनेची समजूत आहे. रोझिनने तिला संसर्गाचा नियम म्हटले. आपल्या बोलीत तिला विटाळ म्हणतात.

रोझिनच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसते. अगदी लहान मूल हाताला येईल ते तोंडात घालते. कशाची किळस करावी हे त्याला ठाऊक नसते. थोरांची वाकडी तोंडे पाहून ते शिकते. तेव्हा 'आम्ही काय करणार, आम्हांला आतूनच कसेतरी होते' असे कोणी म्हणाला तर त्याचे 'कसेतरी होणे' खोटे नसते. त्याचे पोट खरेच ढवळत असेल. परंतु ते ढवळणे निसर्गाने दिलेले नाही. ते घरात, पंगतीत, पाणवठ्यावर शिकवलेले आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ह्यांच्या घागरी तळ्यात ओतून त्याची 'शुद्धी' केली. स्वच्छतेच्या दृष्टीने पाहिले तर शेण ओतलेले पाणी आधीपेक्षा घाण झाले. पण किळसेचे गणित स्वच्छतेचे नसते. ते क्रमवारीचे असते. जनावराच्या शेणाने पवित्र होणारे आणि माणसाच्या ओंजळीने बाटणारे पाणी, हे रसायनशास्त्राला न सुटणारे कोडे भावनेच्या समाजशास्त्राने सुटते. बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या १९३६ च्या निबंधात जात ही मनाची एक अवस्था आहे असे मांडले, त्यात ही दृष्टी होती. ह्या अवस्थेला शरीर असते, एवढीच भर आजचे मानसशास्त्र घालते.

५

आता आपल्याकडील भीतीकडे वळू. एखादी खूण आणि इजा वारंवार एकत्र आली की नुसती खूण दिसताच शरीर इजेची तयारी करते, हे पाव्हलॉव्हच्या परंपरेतील संशोधनाने दाखवले. पुढे जोसेफ लेडू आणि इतरांनी ह्या शिकलेल्या भयाचा मेंदूतील मार्ग शोधला. अमिग्डला नावाचे बदामाच्या आकाराचे केंद्र त्यात महत्त्वाचे आहे. धोक्याची खबर तेथे पोचते आणि शरीर सज्ज होते. विचार करणारा मेंदू पुष्कळदा मागाहून पोचतो. म्हणून 'घाबरू नकोस' असे सांगून भय जात नाही. ज्याला सांगायचे तो विचार करणारा मेंदू. भ्यालेले असते ते शरीर.

ह्याहून मोलाचा शोध भय ओसरण्याविषयी आहे. खूण अनेकदा दिसली आणि इजा झाली नाही, तर भय ओसरते. पण ते पुसले जात नाही. जुन्या शिकवणीवर नवी शिकवण येऊन बसते, इतकेच. ही नवी शिकवण ज्या जागी मिळाली त्या जागेशी बांधलेली असते. जागा बदलली की जुने भय पुन्हा डोके वर काढते. मार्क बाउटन ह्याच्या प्रयोगांनी हे वारंवार दाखवले आहे.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग ह्या प्रकाशात पाहावा. १९१३ ते १९१७ ह्या काळात ते अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये होते. तेथील वास्तव्यात अस्पृश्यपणाची जाणीव मनातून पुरती मावळली होती, असे त्यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. १९१७ साली ते बडोद्याला नोकरीसाठी आले आणि राहायचे कोठे ह्या एकाच प्रश्नाने ती जाणीव परत उभी राहिली. पारशी धर्मशाळेत त्यांना नाव लपवून राहावे लागले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही ते दृश्य पुसले गेलेले नाही आणि आठवले की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी लिहिले. एवढा विद्वान, एवढा धैर्यवान माणूस! ज्ञानाने भय आपोआप जाते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बाबासाहेबांच्या ठिकाणी ज्ञानाची वा धैर्याची उणीव नव्हती. उणीव त्या शहरातील माणुसकीची होती, आणि शरीराने तिची नोंद ठेवली.

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. माझ्या आजीचे पाऊल गावातील एका वाड्यासमोर आले की मंद होत असे आणि पदर पुढे येत असे. वाड्यात माणसे राहत नव्हती, दार मोडून पडले होते, तरीही. ज्या हुकमाने हे शिकवले तो हुकूम देणारा मरून गेला होता. आजीच्या पायांना ते कळायचे होते. आज मी तोंडी परीक्षेला विद्यार्थी बसलेले पाहतो. मोर्चात घसा फोडून घोषणा देणारा मुलगा परीक्षकाने 'आडनाव काय?' असे विचारताच कोरडा पडतो. पाठ असलेले उत्तर त्याला सुचत नाही. मित्र त्याला ढोंगी म्हणतात. तो ढोंगी नसतो. मोर्चाच्या रस्त्यावर त्याच्या शरीराने निर्भयता शिकलेली असते. परीक्षेच्या खोलीत ती शिकायची राहिलेली असते.

हा केवळ माझा तर्क नव्हे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे ह्या संशोधकांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले. त्यांचे निष्कर्ष २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जात जाहीर केली नाही तेव्हा उच्च जातींची आणि दलित मुले जवळजवळ सारखीच चालली. सहा मुलांच्या मिश्र गटात प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचली तेव्हा दलित मुलांची कामगिरी ठळकपणे खाली आली. बुद्धी तीच, कोडी तीच. बदलला तो खोलीतील अर्थ. संशोधकांच्या मते ह्यात केवळ आत्मविश्वासाचा प्रश्न नव्हता. आपल्याला न्याय मिळणार नाही ही मुलांची अपेक्षाही होती. आणि ही अपेक्षा त्यांना अनुभवाने शिकवली होती. गुणवत्तेच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

६

मग 'सोसा आणि पुढे चला' ह्या उपदेशाचे काय? जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन ह्यांनी १९९३ साली हे तपासले. शस्त्रक्रियेची किळसवाणी फिल्म दाखवताना काहींना सांगितले की, चेहऱ्यावर काहीच दिसू देऊ नका. त्यांनी ते साधले. परंतु आतली भावना कमी झाली नाही, आणि त्वचेवरील घाम व रक्तवाहिन्यांचे आकुंचन ह्यांसारख्या शरीराच्या क्षोभाच्या खुणा उलट वाढल्या. पुढील प्रयोगांत असेही दिसले की, भावना दाबून बसलेल्या माणसाला त्या वेळी सांगितलेली माहिती कमी आठवते. वर्गात टोमणा ऐकून चेहरा कोरा ठेवणाऱ्या विद्यार्थ्याचा विचार करावा. तो एकाच वेळी दोन कामे करीत असतो : शिकण्याचे आणि न दिसू देण्याचे. शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्याला एकच काम असते. निकाल मात्र एकाच मोजपट्टीने लागतो.

हे वर्षानुवर्षे चालले तर काय होते? हान्स सेली ह्याने १९३६ पासून दीर्घ ताणाचा अभ्यास सुरू केला. ब्रूस मॅकइवेन आणि एलियट स्टेलर ह्यांनी १९९३ मध्ये ह्या साचत जाणाऱ्या झिजेला नाव दिले. संकट आले की सज्ज व्हावे आणि गेले की निवांत व्हावे, अशी शरीराची योजना आहे. संकट कधी जातच नसेल तर कॉर्टिसॉलसारखे स्राव चालूच राहतात, रक्तदाब वाढतो, झोप मोडते, साखरेचे नियमन बिघडते, स्मरणशक्तीवरही परिणाम होतो. आपल्या वस्तीत चाळिशी-पन्नाशीत रक्तदाबाने वाकलेली माणसे आपण पाहतो आणि नशीब म्हणतो. त्यात कष्ट, कुपोषण, व्यसन ही कारणे आहेतच. जन्मभर सावध राहण्याची किंमतही आहे.

जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी ह्यांनी मृत्यूला कवटाळले. अशा वेळी 'हळव्या मनाची मुले' हा शब्द सहज वापरला जातो. मन हळवे होते की भार मोठा होता, हा प्रश्न टाळण्यासाठीच तो वापरला जातो. ज्याचा श्वास गुदमरतो त्याची छाती तपासायची आणि खोलीतील धूर पाहायचा नाही, ही वैद्यकी नव्हे. समुपदेशन हवेच, ज्याला गरज आहे त्याने डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. परंतु ते न्यायाच्या जागी ठेवता येणार नाही.

७

येथवर आलेला वाचक विचारील की, मग करायचे काय? ह्याचे उत्तर पुस्तकापेक्षा महाडने अधिक चांगले दिले आहे.

चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. कागदावर हक्क होता. पाय मात्र तळ्याकडे वळत नव्हते. २० मार्चला ते हजारोंच्या संख्येने वळले. भयाच्या मानसशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ज्या जागेचे भय, त्याच जागी, जमावाने जाऊन, निषिद्ध कृती हातांनी केली गेली. तहान भागवण्याचा हा प्रश्न नव्हता. शरीराला नवा धडा देण्याची ती शाळा होती. त्याच दिवशी परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. लोक चिडले होते, प्रतिकाराची ताकद होती, आणि तरी बाबासाहेबांनी त्यांना आवरले. संताप दाबणे वेगळे आणि संतापाला दिशा देणे वेगळे. दाबलेला संताप शरीर पोखरतो. दिशा दिलेला संताप त्या वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीच्या दहनापर्यंत आणि १७ मार्च १९३७ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत जातो. त्याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची, दागिन्यांची, जातीची खूण सांगणारी रीत सोडायला सांगितले. अंग चोरणाऱ्या शरीराची ठेवण बदलल्याशिवाय मन बदलत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

मात्र येथे एक इशारा. छाती पुढे काढून दोन मिनिटे उभे राहिले की शरीरातील स्राव बदलतात, असा दावा २०१० साली गाजला होता. पुढे अधिक माणसांवर केलेल्या प्रयोगात तो टिकला नाही. एकट्याने आरशासमोर ताठ उभे राहण्याने दरारा मोडत नाही. दुसरीकडे, जेम्स कोन आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात विजेच्या धक्क्याची धमकी असताना ज्या स्त्रियांनी कोणाचा तरी हात धरला होता, त्यांच्या मेंदूतील धोक्याचा क्षोभ कमी दिसला. आणि हात जवळच्या माणसाचा असेल तेव्हा अधिक कमी. सोबत ही नुसती भावुकता नव्हे. सोबतीने मेंदू धोक्याचे माप बदलतो. संघटनेला एवढा साधा शारीरिक आधार आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी काही गोष्टी ठरवून कराव्यात. भीतीला आणि लाजेला त्यांच्या नावाने हाक मारायला मुलांना शिकवावे. 'मला भीती वाटते' हे वाक्य बोलता येणे हा पराभव नव्हे, निवाडा तपासण्याची सुरुवात आहे. 'ही लाज माझी आहे की मला दिलेली आहे?' हा प्रश्न अभ्यासवर्गात मोठ्याने विचारला जावा. मुलाखतीची, तोंडी परीक्षेची, बँकेच्या खिडकीची, पोलीस ठाण्याची तालीम करावी. खोट्या टेबलामागे आपलाच माणूस बसवून ती पुनःपुन्हा करावी, आणि वेगवेगळ्या जागी करावी. कारण एका जागी शिकलेले धैर्य दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. पहिल्या दिवशी विद्यार्थी वसतिगृहात जातो तेव्हा दोघांनी त्याच्याबरोबर जावे. शिक्षकांनी भर वर्गात जातीचे दाखले, शिष्यवृत्तीच्या याद्या मोठ्याने वाचणे बंद करावे आणि करवावे. त्या वाचनाची किंमत भूलभुलैयाच्या प्रयोगात आपण पाहिलीच आहे.

लेखकांसाठीही ह्यात काही आहे. दलित साहित्य आक्रस्ताळे आहे, त्यात संयम नाही, असा आरोप झाला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या छातीतील धडधडीचा अर्थ 'भय' असाच शिकवला गेला, त्यांनी तिचा अर्थ 'संताप' असा लावला, आणि तो लिहून ठेवला, हे निवेदन बदलण्याचे काम होते. निवेदन बदलले की वाचणाऱ्याच्या अंगातही काही बदलते.

घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता १९५० साली नष्ट केली. कायद्याची शाई वाळायला एक दिवस पुरतो. पाठीच्या कण्याला वाकायचे शिकवलेले विसरायला अधिक काळ लागतो, आणि दुसऱ्याच्या पोटातील किळस विसरायला त्याहूनही अधिक. ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतील. पहिले आपण आपल्या सोबतीने करू. दुसरे त्यांना करायला लावावे लागेल.